करंजओढ्याच्या शाळेचा पट

आमच्या आळीतल्या बायका काशीला जाऊन आल्या की घरोघर गंगेच्या लोट्या वाटतात. मी प्रवास करून आले तेव्हा माझ्याजवळ वाटायला फक्त हुलग्याचं पीठ होतं, आणि ते कुणी मागितलं नाही. "कुठं गेला होतात?" असं कुणी विचारलं की मी "विट्याच्या पुढं, करंजओढ्याच्या वाडीला" म्हणे. मग समोरची बाई आवाज खाली आणून विचारी, "कोण गेलं हो?" कुणाच्या दहाव्या-बाराव्याला जाण्यापलीकडं त्या मुलखात पाऊल टाकायचं कारण वाईच्या माणसाला सुचत नाही. इथं दारात कृष्णा वाहते, आणि ज्याच्या दारात नदी वाहते त्याला वाटतं की सगळ्या जगानं रोज बुडी मारून अंघोळ केलेली असते.

कारण होता माझा धाकटा भाऊ दत्तू. तो त्या वाडीच्या शाळेत मास्तर. शाळेत एकच मास्तर, म्हणजे हेडमास्तर तोच, शिपाईही तोच. मार्गशीर्षात साताऱ्याच्या कचेरीत त्याला बोलावणं आलं, आणि तिथून तो आमच्याकडं जेवायला आला तो तोंड पाडूनच. लढाईचे दिवस. सरकारला जिथं तिथं काटकसर सुचत होती. कचेरीत त्याला सांगितलं होतं की पंधरवड्यात शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येऊन पोरांची डोकी मोजतील. वीस भरली तर शाळा राहील, नाही तर शाळेला कुलूप. शाळा भरत होती मारुतीच्या देवळात, त्यामुळं कुलूप नेमकं कुणाला लावणार, हा एक प्रश्नच होता.

"आत्ता किती आहेत?" मी विचारलं.

"आत्ता एकवीस. पण आठ धनगरांची आहेत, अक्का. धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरायला निघालेत. या खेपेला उशीरच झालाय त्यांना. ते गेले की तेरा."

शाळा बंद झाली तर दत्तूला दुसरी शाळा मिळाली असती. पण चार वर्षांपूर्वी त्यानं पहिलीत बसवलेली पोरं यंदा चौथीच्या परीक्षेला बसायची होती. त्या वाडीतून चौथी झालेलं अजून कुणी नव्हतं. पुढची शाळा ओढ्यापलीकडं, सडकेच्या गावात. तिथं पोरं जाणार नाहीत, हे दत्तूला माहीत होतं आणि पोरांना तर त्याच्याही आधी.

त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. तो हातानं करून खात होता, आणि ते त्याच्या गालफडांवरून दिसत होतं. मी आमच्या घरच्यांना म्हटलं, "मी जाते पंधरा दिवस. त्याच्या पोटाचं बघते आणि शाळेचंही बघते."

"शाळेचं तू काय बघणार?" हे म्हणाले.

"मी मराठी चौथी झालेली आहे," मी म्हटलं. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. वर्तमानपत्र थोडा वेळ हलत होतं.

कोळशाची मोटार

साताऱ्याहून विट्याकडं जाणारी मोटार त्या दिवसांत पेट्रोलवर चालत नव्हती. पेट्रोल लढाईवर गेलं होतं. मोटारीच्या पाठीला एक भलामोठा बंब जोडलेला. त्यात कोळसा पेटवायचा, त्याचा वायू धरायचा आणि त्यावर मोटार हाकायची. सपाटीवर ती चालते. चढ दिसला की दमते, आणि मग माणसांनी उतरून तिला हात द्यायचा.

पहिल्या चढाला ड्रायव्हर म्हणाला, "गडी तेवढं उतरा. बायामानसं बसू द्या." गडी उतरले, ढकलू लागले. मोटार जागची हलेना. ड्रायव्हरनं मागं वळून एकेका बाईकडं पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

"मावशी, तुमीबी उतरता का जरा?"

बाकीच्या दोघी बायका बसून राहिल्या. मी उतरले, आणि मोटार लगेच सुरू झाली. इतकी लगेच, की तिच्यामागं मला पळावं लागलं. माझ्या वजनाबद्दल घरातल्या माणसांनी आजवर जे काही म्हटलं होतं ते मी थट्टेवारी नेत आले होते. मोटारीच्या बाबतीत तसं करता येईना.

टपावर माझा पितळी डबा होता. वाईहून त्यात बेसनाचे लाडू निघाले होते. विट्याला उतरून झाकण काढलं तेव्हा आत नुसतं भाजलेलं बेसन होतं. दत्तूनं एक चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाला, "चव तीच आहे, अक्का. वळायचेच तेवढे राहिलेत."

वाडीवर

पुढची वाट बैलगाडीची. इतकं आकाश मी जन्मात पाहिलं नव्हतं. वाईला आकाश डोंगरांच्या मधोमध बेतानं ठेवलेलं असतं. इथं माळ नुसता पसरलेला. काळा दगड, बोरीबाभळी, मधूनच कमरेएवढी ज्वारी. झाड दिसलं की गाडीवान त्याचं नाव सांगे, आपण एखाद्या पाहुण्याची ओळख करून देतो तसं.

वाडी पंचवीसेक घरांची. ओढ्याला करंजीची झाडं आहेत, म्हणून नाव करंजओढा. ओढ्याला पाणी मात्र नव्हतं. वाळूत हातभर खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपायची वाट बघायची, आणि मग वाटीनं घागर भरायची. त्याला तिथं झिरा म्हणतात. पहिल्या दिवशी मी वाईच्या सवयीनं अंघोळीला दोन घागरी घेतल्या. दुसऱ्या दिवशी झिऱ्यावरच्या बायका बाजूला सरल्या आणि एकीनं फार अदबीनं विचारलं, "आवं बाई, आज बी आंगुळ हाय का?" तेव्हापासून मी तांब्यात भागवायला शिकले.

जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि हुलग्याचं माडगं. माडगं म्हणजे हुलग्याचं पीठ कालवून शिजवलेली पातळ, तिखट आमटी. तोंड भाजत प्यावं लागतं. आमच्याकडं हुलगे घोड्याला घालतात, हे मी पहिल्या घोटानंतर म्हटलं. पाटलीणबाई म्हणाल्या, "म्हनून तुमची घोडी डोंगर चढत्यात, आन मानसं ढकलाय लागत्यात." मोटारीची हकिकत माझ्याआधी वाडीत पोचली होती.

सकाळी मी शाळा बघायला गेले. मारुतीचा सभामंडप अंधारा, चार खांबांचा. घरोघरचं एकेक पोर त्यात बसलेलं. आबा पाटलांचे दोन. सुताराचा एक, मुलाण्याचा एक. चार पोरांचे बाप लढाईवर. त्यातल्या एकाला विचारलं, बाप कुठं असतो, तर म्हणाला, "मनीआडरीत." सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणाऱ्या घरांतले तिघे. मातीतून, राखेतून सोनंचांदी गाळून काढायचा हा धंदा, आणि त्यासाठी इकडची माणसं मद्रास-कानपूरपर्यंत दुकानं घालून बसलेली. मुलगा दहा-अकराचा झाला की मामा येऊन त्याला घेऊन जातो. त्यामुळं त्या तिघांचा एक कान नेहमी गाडीच्या घुंगरांकडं. शिवाय दोघे महारवाड्यातले. ते मंडपाबाहेर खालच्या पायरीवर बसत. तिथून फळा दिसत नसे, पण ऐकू येई. पटावर मात्र सगळे एकाखाली एक लिहिलेले होते.

हे तेरा. आणि मधोमध आठ धनगरांची पोरं, पिवळे फेटे गुंडाळून, येत्या आठवड्यात निघून जाणारी. मुलगी एकही नव्हती. मी दत्तूला विचारलं तर तो म्हणाला, "मी घरोघर विचारून बघितलंय, अक्का. शेण कोण गोळा करील, असं उलट मलाच विचारतात."

पुण्याचे वार

धनगर जाताना पोरांना घेऊन जात, कारण मागं त्यांना करून घालणारं कुणी नसे. सगळा वाडा, म्हणजे बरोबर हिंडणारी सगळी कुटुंबं, घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघे. मागं राही ती एक म्हातारी आत्या, डोळ्यांनी अधू. तिच्याजवळ पोरं झोपली असती, पण तिच्याच्यानं भाकरी झाल्या नसत्या.

हे ऐकलं आणि मला माझी वाई आठवली. आमच्याकडं पाठशाळेतले गरीब विद्यार्थी वारानं जेवतात. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात वार सात घरी. आमच्या घरचा बुधवार. गेली कित्येक वर्षं बुधवारी एक विद्यार्थी येतो, ओसरीच्या कडेला पाटावर बसतो, खाली मान घालून जेवतो आणि जातो. पुण्य आम्हांला, पोट त्याला. मी दत्तूला म्हटलं, "तुमच्या कचेरीला जे सुचत नाही ते माझ्या बुधवारनं सुचवलं बघ."

आम्ही दोघं घरोघर हिंडलो. मी वाराचं पुण्य काय असतं ते सांगत होते, कीर्तनकारासारखं हात करून. घरधनी ऐकून घेत, शेवटी म्हणत, "लय चांगलं सांगितलंसा. पन यंदा जोंदळं कमी हायती, बाई." दिवसभरात दोन घरं मिळाली. एक पाटलांचं, आणि एक सुताराचं. त्याला ऐकू कमी यायचं.

संध्याकाळी धनगरांच्या तळावर गेलो. माळावर मेंढरं बसलेली, मधे चुली, घोड्यांच्या पाठी उघड्या. वाड्याचा कारभारी धुळाबा. त्याची बायको कोंडाबाई एका कोकराला मांडीवर घेऊन त्याच्या पायातला काटा काढत होती. मी पुन्हा वाराचं कीर्तन लावलं. कोंडाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी रोज येका दारात?"

"हो."

"आन ते पोरगं तुमच्या घरचं काय करतंय?"

"काही नाही. नुसतं जेवतं. आम्हांला पुण्य लागतं."

"पुन्य तुमाला. आन त्याला काय?"

"त्याला भात, वरण, ताक…"

"तसं न्हवं." तिनं काटा काढून दातात धरला आणि बाजूला थुंकला. "काय केल्याबिगर घास त्याच्या गळ्याखाली उतरतो कसा गं, बाई?"

मी चुलीचा धूर पदरानं हाकलू लागले. तशी मला बऱ्याच प्रश्नांची उत्तरं येत नाहीत, पण सहसा मी धूर हाकलत नाही, बोलते.

धुळाबा दत्तूकडं वळला. "मास्तर, राग मानू नगा. आमी रानात मेंढरं बसवतो, त्येंच्या लेंड्या-मुतानं रान पिकतं, तवा मालक आमाला जोंदळं घालतो. आमी कुनाच्या दारात हात पसरला न्हाई. माझी नातवंडं दारोदार जेवायची न्हाईत."

परत येताना दत्तू वाटेतले खडे पायानं उडवत होता. मी बोलत होते, पण कशाबद्दल ते आता आठवत नाही.

मेंढरांचे वार

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाबा खांद्यावर घोंगडं टाकून पाटलांच्या ओसरीवर येऊन बसला. पाटलीणबाईंनी मला हाक मारली, म्हणून मी दाराआडून ऐकलं. दाराआड मी पुरेशी मावत नाही, त्यामुळं सगळ्यांना मी दिसत होतेच.

"पाटील," धुळाबा म्हणाला, "पोरं ठेवतो. पन फुकट न्हाई. जेच्या घरात माझं पोर वाराला जेवंल, त्येच्या रानात म्या परतीच्या वाटंला येक रात मेंढरं बसवनार. जोंदळं मागनार न्हाई."

त्या मुलखात ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, धनगर कोकणातून परत येतात तेव्हा त्यांची मेंढरं आपल्याच रानात बसावीत म्हणून शेतकरी त्यांना आडवे जाऊन गाठतात. आबा पाटलांनी सुपारी तोंडात टाकायची होती ती हातातच राहिली.

"सगळी मेंढरं?"

"सगळी."

"कोकरं न्हाई धरायची हां."

"आवं, कोकरं काय उपाशी ऱ्हात्यात? ती बी हागत्यात की!"

मुलाणी भिंतीपलीकडून ऐकत होता, तो आत आला. "पाटील, शुक्रवार माझा."

"तुला काल मास्तराच्या भैनीनं इच्यारलं तवा जोंदळं कमी व्हतं न्हवं?"

"ते पुन्यासाठी कमी व्हतं," मुलाणी म्हणाला.

दुपारपर्यंत ओसरी भरली. पुण्यासाठी दोन घरं मिळाली होती. खतासाठी सगळी वाडी उभी राहिली. पहिली रात कुणाच्या रानात, यावरून दोघा भावांत बोलाचाली झाली. वरच्या रानात बसवली तर पावसानं सगळा कस खालच्याच्या रानात जाणार, असं वरच्याचं म्हणणं. खालच्याचं काहीच म्हणणं नव्हतं, तो नुसता हसत होता.

आता अडचण उलटी झाली. घरं पुष्कळ आणि पोरं कमी. कारण धुळाबानं आठ पोरं ठेवायचं नाकारलं. "मोठी पोरं मेंढरामागं लागत्यात. म्या पाच देतो. दोन बारकी, आन तीन पोरी."

"पोरी?" पाटील म्हणाले.

"व्हय. माझी नात मंजी, आन दोगी. घाटात पोरींचं लय हाल व्हत्यात. हितं सावलीत बसू द्या. मास्तर, पोरी चालत्यात का तुमच्या पटाला?"

दत्तू गडबडला. मग म्हणाला, "पटावर डोकी मोजतात, धुळाबा. आत्तापर्यंत कुणी दिली नव्हती, एवढंच."

"आजून दोन पोरं ठेव की, धुळाबा," मुलाणी म्हणाला. "माझ्या भावाचं घर ऱ्हायलंय."

"ठेवतो. मेंढरं मग तू वळ. येतोस का कोकनात?"

चौथ्या दिवशी पहाटे वाडा निघाला. मंजी ओढ्यापर्यंत गेली आणि एका कोकराच्या कानात काहीतरी सांगून परत आली. दत्तूनं हिशेब केला. तेरा आणि पाच, अठरा. दोन कमी. दिपोटी आठ-दहा दिवसांत येणार, आणि गलाईच्या एका पोराचा मामा विट्याला उतरला आहे, अशीही बातमी होती. "सतरा धर," दत्तू म्हणाला, आणि ताट तसंच बाजूला सारून झोपला. मी केलेली वांग्याची भाजी होती. पण त्याच्या न जेवण्याचं खापर भाजीवर फोडण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यात नाही.

दत्तूच्या घरचा वार मी बुधवार घेतला. मला दुसरा वार सुचतच नव्हता. मंजी आली. आठ-नऊ वर्षांची, केस तांबूस, पायात मळलेलं कडं. मी वाईच्या रीतीनं ओसरीच्या कडेला पाट मांडला. ती उभीच राहिली.

"तुमचं रान कुटं हाय?"

"आम्हांला रान नाही गं."

"मग मेंढरं कुटं बसवायची?"

"नको बसवूस. तू जेव."

ती विचारात पडली. घरात इकडं तिकडं बघितलं. कोनाड्यात कंदील होता, त्याची काच काळी झालेली. तिनं तो खाली घेतला, चुलीतली राख चिंधीवर घेतली आणि काच आतून-बाहेरून लख्ख पुसली. उजेडाकडं धरून एकदा पाहिली. मग पाटावर बसली आणि म्हणाली, "आता वाढा."

तिनं तीन भाकरी खाल्ल्या. बेसनाचा न झालेला लाडू वाटीत घालून दिला, तोही संपवला आणि वर विचारलं, "हे तुमच्याकडं सुटंच करत्यात का?"

दिपोटी

पट वाढला तो मी किंवा दत्तूनं काही केलं म्हणून नाही. तो पाटलीणबाईंच्या चुलीपाशी वाढला.

सोमवार पाटलांचा. मंजी शाळेतून जेवायला यायची, पाटलीणबाई तिला वाढायच्या, आणि त्याच वेळी त्यांची स्वतःची लेक सुंदरा शेणाची पाटी डोक्यावर घेऊन दारात उभी असायची. पहिल्या सोमवारी पाटलीणबाईंनी एकदा पाटाकडं आणि एकदा दाराकडं पाहिलं. दुसऱ्या सोमवारी मंजी भाकरी मोडता मोडता पाढा म्हणत होती. पाटलीणबाईंनी तवा खाली आपटला.

"ह्या घरात धनगराची पोर बे-दुने करती, आन पाटलाची पोर शेन येचती! आवं, ऐकलंसा का? तुमी पाटील हायसा का कोन?"

आबा पाटील बाहेरून म्हणाले, "मग शेन कोन येचंल?"

"तुमी येचा! मिशा हायत न्हवं मोट्या, त्या बांधा वर!"

मंगळवारी सकाळी सुंदरा आणि तिची चुलतबहीण, केसांना तेल चोपडून, देवळात हजर. पाटलांच्या पोरी गेल्या म्हटल्यावर सुताराची गेली. तिघी बसल्या म्हटल्यावर मुलाण्याची का मागं राहील? जी जी घरं वार देत होती, त्यांना एकच गोष्ट सहन होईना: पाहुणी पोर शाळेत आणि आपली उकिरड्यावर.

त्याच मंगळवारी दुपारी दिपोटीसाहेब आले. बैलगाडीत, डोक्याला टोपी, मांडीवर छत्री, आणि अंगावर इतकी धूळ की छत्री कशासाठी होती ते कळेना. पोरं साहेबांना बुजून खांबांमागं दाटली. साहेबांनी एकदा मोजलं, एकोणीस. पुन्हा मोजलं, तेवीस. अंधारात पोरं खांबाच्या या बाजूची त्या बाजूला सरकत होती. दत्तूच्या कपाळावर घाम.

"मास्तर, यांना बाहेर काढा," साहेब वैतागून म्हणाले. "देवळापुढच्या त्या कडुलिंबाखाली एका ओळीत बसवा. सगळ्यांना. हे पायरीवरचे दोघं तुमच्याच पटावरचे ना? मग यांनाही ओळीत घ्या."

सगळी पोरं लिंबाखाली बसली. पायरीवरचे दोघे आधी जरा अंतर सोडून टेकले. साहेबांनी छत्रीनं खूण केली तसे सरकले, आणि सुंदराच्या शेजारी जागा झाली. भिंतीपाशी बायका उभ्या होत्या. कुजबुज उठली. पाटलीणबाईंनी तोंड उघडलं. मग त्यांनी ओळीकडं पाहिलं, मनात काहीतरी मोजलं, आणि पदर दातात धरला.

साहेबांनी छत्रीचं टोक एकेका डोक्यावर धरत मोजलं. मीही मनात मोजत होते, आणि नेहमीप्रमाणं मधेच चुकले. गलाईचा एक मामाबरोबर गेला होता. तरी एकवीस भरली.

मग त्यांनी हजेरीपट उघडला. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "मास्तर, या वाडीतल्या सगळ्या बायका एक जूनलाच बाळंत होतात का?"

दत्तू म्हणाला, "साहेब, कुणी सांगतं मोठ्या तापाच्या साली, कुणी सांगतं विहीर आटली तेव्हा. साल कसंतरी बसवतो. दिवस कुठून आणू?"

साहेबांनी पान उलटलं. पुढं कधीतरी कळलं की त्यांनी पाहिलेल्या बहुतेक वाड्यांतली पोरं त्याच दिवशी जन्मली होती. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि मंजीला उभं केलं.

"आई-बाप कुठं?"

"कोकनात, मेंढरामागं."

"मग तू इथं कशी? बरं, ते राहू दे. आठवड्याचे वार सांग."

मंजीनं श्वास घेतला. "सोमवार पाटलाचा. मंगळवार सुताराचा. बुधवार मास्तराचा. बिस्तरवार वरच्या आळीचा. शुक्रवार मुलान्याचा. शनवार खालच्या आळीचा, मारुतीचा उपास आसतो, पन मला भाकर देत्यात. आयतवार सुट्टी, पन जेवन हाय."

दत्तूनं डोळे मिटून घेतले. साहेबांनी टोपी काढून तीवरची धूळ झटकली. त्याला जरा जास्तच वेळ लागला. टोपी पुन्हा डोक्यावर गेली तेव्हा त्यांचा चेहरा सरकारी झाला होता.

"सातही बरोबर आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी शेऱ्यात लिहिलं की शाळा चालू ठेवावी.

साहेबांची गाडी दिसेनाशी झाल्यावर दत्तूनं फळा उचलला. पोरं सवयीनं देवळाकडं निघाली, पण त्यानं तो लिंबाच्या बुंध्याला टेकवला. "आत अंधार असतो," तो म्हणाला. आबा पाटील काही म्हणणार होते. पाटलीणबाई म्हणाल्या, "पोरींस्नी उजेड नको व्हय?" त्यावर विषय संपला. शाळा पुढं लिंबाखालीच भरली, आणि पायरी मोकळी राहिली. आमच्या वाईत असं होऊ दिलं असतं का, याचा विचार मी परतीच्या मोटारीत करत होते. तेवढ्यात चढ आला आणि मला उतरावं लागलं.

बुधवार

श्रावणात दत्तू बायको-मुलाला घेऊन आला तेव्हा बाकीचं कळलं. चौथीला बसलेल्या चारांपैकी तिघं पास झाले होते. धनगर परतले, आणि ठरल्याप्रमाणं एकेका रानात एकेक रात मेंढरं बसली. शेवटी धुळाबा शाळेपाशी आला. "मास्तराचा बुधवार ऱ्हायला," म्हणाला. दत्तूला रान नाही, म्हणून त्यानं सगळी मेंढरं लिंबाभोवती बसवली. "नव्या वर्षाला शाळा उघडली," दत्तू म्हणाला, "तर आठ दिवस नाकाला फडकं लावून शिकवलं, अक्का. पण लिंब असा फुटलाय, की सगळी पोरं सावलीत मावतात."

मी मात्र पौषातच घरी पोचले होते, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बुधवार होता. आमचा विद्यार्थी आला. मोरोपंत त्याचं नाव, वय सोळा-सतरा. पाय धुतले, ओसरीच्या कडेला उभा राहिला. मी पाट मांडला आणि तशीच थांबले. इतक्या वर्षांत मी त्याचं ताट पाहिलं होतं. चेहरा पाहिला असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. तो नेहमी पहिल्या वाढणीवर उठायचा. घरात मी सगळ्यांना सांगे की पोरगं मिताहारी आहे.

"जेवायच्या आधी एक काम कराल का?" मी म्हटलं.

तो दचकला. "काय?"

"आमची शकू त्रैराशिकात नापास झालीय. घरात ते कुणालाच येत नाही. मला तर मुळीच नाही. तिला एक गणित समजावून सांगा."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. मोरोपंतांनी धोतराला हात पुसले आणि शकूची पाटी घेतली. पहिल्या गणितात त्यांचा आवाज घशातच होता. दुसऱ्यात जरा वर आला. तिसऱ्याला ते शकूवर चांगले खेकसले, "हे शेवटी घ्यायचं! किती वेळा सांगू?" शकूनं माझ्याकडं पाहिलं. मी वरणाला फोडणी द्यायला आत गेले.

मग मी पान वाढलं. मोरोपंत जेवायला बसले. मान वर होती. भात संपला. मी नेहमीच्या सवयीनं ताकाचं भांडं उचलायला वाकले.

"काकू," मोरोपंत म्हणाले, "अजून थोडा भात वाढा."